पाण्याची काडी

डोमाने काडी रोवली आणि गोकुळाने आभाळाकडे पाहिलं. काडी रोवली म्हणजे आता थांबायचं, आणि थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता.

वैनगंगेच्या काठच्या ढिवर मासेमारांची पावसाळ्यात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवायची एक रीत होती. वारा सुटला, पाणी चढायला लागलं की डोंगा काठाला बांधायचा. एक काडी सोलायची, बरोब्बर पाण्याच्या कडेला रोवायची, तिला हात लावून तो हात कपाळाला लावायचा आणि गुमान बसून राहायचं. काडी पाण्यात जाऊ लागली तर नदी चढते आहे. काडी कोरड्यात आली, तीही चांगली दोन वीत, तर नदी उतरली. मग डोंगा सोडायचा. ज्याचा डोंगा त्याची काडी. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कुणी मुद्दाम शिकवतही नाही. चुलीतल्या विस्तवात हात घालू नये हे कुठे शिकवावं लागतं?

गोकुळा त्याच रीतीत वाढली होती. बाप डोंगेवाला, सासरा डोंगेवाला, नवरा नथ्थूही डोंगेवाला. नथ्थू सहा वर्षांपूर्वी तापाने गेला तेव्हापासून धाकटा दीर डोमाच तिचा आधार होता. जाळ्यातला पहिला मासा वहिनीच्या घरी पोचवल्याशिवाय तो आपल्या घरी चूल पेटू देत नसे. बोलायला मात्र महाकंजूस. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर बायको विचारायची, आज काय झालं?

"भाऊजी, किती वेळ लागंन?" गोकुळाने विचारलं.

"मले काय विचारतं वहिनी? काडीले विचार," डोमा म्हणाला आणि डोंग्याची दोरी मोहाच्या बुंध्याला गुंडाळू लागला.

डोंग्यात बारा फुगीर पिशव्या होत्या. प्लास्टिकच्या, तळाशी पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर. प्रत्येकीत हजारभर पिल्लं, भाताच्या दाण्याएवढी: रोहू, कतला, मृगळ. हे बी त्यांच्या गावच्या, कोसंबटोल्याच्या, मामा तलावात सोडायचं होतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी; जमीनदारीच्या काळातला तो तलाव आजवर कायम पुरुषांच्या सोसायटीकडे असायचा. यंदा ग्रामसभेत भांडून-तंडून गोकुळाच्या महिला गटाने तो पहिल्यांदा घेतला होता. अट एकच पडली. पोळ्याच्या आत तलावात बी पडलं पाहिजे, नाहीतर तलाव परत सोसायटीचा. पोळा पाच दिवसांवर आला होता आणि मत्स्यबीज केंद्रातली ही हंगामातली शेवटची खेप होती. हे बी मेलं की गटातल्या चौदा बायकांचं वर्ष मेलं.

सोसायटीचा अध्यक्ष पिंटू तर भर ग्रामसभेत उभा राहून बोलला होता, "बायकांच्या हातचं बी जगलं तर मी मिशी काढून ठेवतो!" पिंटूची मिशी म्हणजे ओठावर चुकून पुसायची राहिलेली काजळाची रेघ. पण त्या मिशीवर त्याचा फार जीव, आणि त्या दिवशी सगळे पुरुष खदखदून हसले होते. गोकुळा ते हसणं विसरली नव्हती. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती; हसण्याला उत्तर दिल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

खरं तर सगळं सुरळीत व्हायचं होतं. काल संध्याकाळी ती आणि गटातली रीता नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या केंद्रावर पोचल्या, पिशव्या भरून झाल्या, पहाटे गाडी निघणार होती. पण पाऊस असा कोसळला की सकाळी नाल्यावरचा पूल पाण्याखाली. गाडीवाल्याने हात वर केले. केंद्रातला माणूस म्हणाला, पिशव्या फार तर अठरा-वीस तास तग धरतील, त्यातले बारा गेलेच आहेत. तेव्हा गोकुळाला आठवलं की डोमा आठवडाभर तिथल्याच घाटावर जाळी टाकायला आलेला आहे आणि आज-उद्या परतणार आहे. ती तशीच धावत घाटावर गेली. डोमाने आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो डोंग्यातलं पाणी उपसायला लागला.

प्रवाहासोबत डोंगा झपाझप खाली आला. दोन्ही काठांचं जंगल धुवून निघालं होतं आणि नदी चहाच्या रंगाची झाली होती. अर्ध्याहून जास्त वाट सरली, अजून तासाभरात घर, असं गोकुळा मनात म्हणते तोच वारा फिरला. समोरून लाटा यायला लागल्या, पाऊस आडवा मारू लागला, आणि डोमाने डोंगा सरळ डाव्या अंगाच्या उंचवट्याला लावला. तिथे मोहाचं मोठं झाड होतं आणि दसरू नावाच्या गोंड म्हाताऱ्याची रखवालीची खोपडी, म्हणजे लहानशी झोपडी. पावसामुळे दसरू गावात गेला असावा, खोपडी रिकामीच होती. उंचवट्याच्या मागे नाला फुगलेला, म्हणजे पायी जायचीही सोय नव्हती.

पिशव्या तिघांनी मिळून खोपडीत नेल्या. रीताने एक उजेडाकडे धरली आणि तिचा चेहरा उतरला.

"गोकुळाबाई, पाहा जी. वर येऊन तोंड काढून राह्यल्या."

पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात गोळा होऊन तोंडं उघडझाप करत होती. पिशवीही सकाळपेक्षा मऊ लागत होती.

गोकुळाची आजी डोक्यावर हंड्यात मासळीचं बी घेऊन चालत असे तेव्हा या पिशव्या नव्हत्या. वाटभर हंडा हलवत राहायचं, पाणी डचमळलं की त्यात हवा जाते, एवढंच त्यांचं शास्त्र. गोकुळाने डोंग्यातले दोन गुंड मागवले, एरवी प्यायचं पाणी भरायचे ते घागरीएवढे गुंड. खोपडीच्या वळचणीखाली ते धरून तिने पावसाचं पाणी जमवलं, कारण नदीचं गढूळ पाणी पिल्लांच्या कल्ल्यांत बसून ती गुदमरली असती. मग सगळ्यात मऊ पडलेल्या दोन पिशव्या गुंडांत ओतल्या. एक गुंड रीताच्या मांडीवर, एक गोकुळाच्या. दोघी रडणारं लेकरू हलवावं तशा बसून गुंड हलवू लागल्या.

दहा वाजले, अकरा वाजले. डोमा दर थोड्या वेळाने खाली जाऊन काडी पाहून येई. आला की मान हलवून बसे. त्यावरूनच कळायचं, पाणी चढतंय.

"वारा तर कमी झाला भाऊजी," गोकुळा म्हणाली. आणि ते खरंच होतं, पाऊसही आता सरळ पडत होता.

"वाऱ्याचं नाई. पाण्याचं सांग. वरून धरणाचं सोडलं असंन. चढूनच राह्यलं."

"तासाभराची तर वाट हाये."

"म्हैसगोटा हाये ना मंधात."

म्हैसगोटा म्हणजे पुढच्या वळणावर नदीत बसलेला काळा खडक. त्याचं डोकं पाण्यावर दिसत असलं की डोंगा त्याच्या बाजूने अलगद काढता येतो. डोकं बुडालं की तो नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि पाणी डोंग्याला त्याच्याचकडे ओढतं. बुडालेला म्हैसगोटा दिसेपर्यंत कुणी शहाणा माणूस तिकडे जात नाही.

"इथी बसून मासोळ्या मरतीन," गोकुळाचा आवाज चढला. "एवढं भांडून तलाव घेतला मी. तो पिंटू दात काढंन."

"काढू दे. दात त्याचे हायेत," डोमा म्हणाला.

गोकुळाला त्या क्षणी त्याचा असा राग आला की गुंड त्याच्या डोक्यात घालावा. याला काय कळणार? हा काल जाळ्यात मासा आला तर खूश, आज नाही आला तरी खूश. आपलं म्हणून काही मिळवायचं, चार माणसांत मान ताठ ठेवून चालायचं, हे या माणसाच्या गावीही नाही. असं ती मनात बोलत राहिली, आणि ते अन्यायाचं आहे हेही तिला कळत होतं.

बाराच्या सुमारास डोमा म्हणाला, "रातभर डोंग्यातलं पाणी उपसत होतो. जराक डोळा लावतो. उठलो की काडी पाहून सांगतो." आणि खोपडीच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, तो लगेच झोपला.

गोकुळाने पिशव्या मोजल्या नाहीत, चाचपल्या. आणखी तीन मऊ पडल्या होत्या. एकीच्या तळाशी पांढऱ्या पोटाची पिल्लं साचायला लागली होती. गुंड दोनच, हात चारच. रीता गुंड हलवता हलवता पेंगत होती, तिचे ओठ थंडीने निळे पडले होते.

"मी पाणी पाहून येतो," गोकुळा म्हणाली आणि गुंड खाली ठेवून बाहेर पडली.

काठ उतरून ती काडीपाशी आली. काडी दीड वीत पाण्यात उभी होती. सकाळी तिच्या बुडाला फक्त ओल लागली होती. पाणी तिच्याभोवती गरगर फिरत होतं, सोबत चढत्या पुराचा कचरा: ताजा पाला, शेणाच्या गोवऱ्या, कुणाच्या तरी बांधीतून उपटून आलेली धानाची रोपं.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा ती सांगायची की आपल्याला काही सुचत नव्हतं. पण ते खरं नव्हतं. तिला सगळं सुचत होतं. डोमा काडी सोडून कशाचंच ऐकणार नाही हे तिला माहीत होतं. म्हैसगोटाही माहीत होता. पण आपण या नदीवर जन्मलो, शंभरदा अशा पाण्यातून गेलो, एवढ्यानं काय होतंय, असं तिच्या मनाने घेतलं आणि मग मन दुसरं काही ऐकेना. पिंटूचं हसणं कानात वाजत होतं. पिशवीतली ती उघडझाप करणारी तोंडं डोळ्यांसमोर होती.

तिने वाकून काडी उपटली. काडी एकदा हातातून निसटून पाण्यात पडली आणि तिला ती झडप घालून पकडावी लागली. मग ती काठावर मागे सरकली, पाणी अजून चढेल हे धरून कडेपासून चार वीत कोरड्यात आली आणि तिथे काडी रोवली. कोरडं म्हणजे तरी काय, पावसाने सगळंच भिजलेलं होतं, त्यामुळे माती नवी-जुनी काही कळत नव्हती. तिच्या पावलांचे ठसेही पावसाने पाहता पाहता बुजवून टाकले.

काडीला हात लावून कपाळाला लावायचा असतो. तिने तो लावला नाही, तेवढी हिंमत तिला झाली नाही.

डोमा उठला तेव्हा दोन वाजले होते. तो खाली गेला आणि गोकुळा खोपडीच्या दारातून पाहत राहिली. काडीपाशी तो उकिडवा बसला. काडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, परत काडीकडे. दोन वीत मोजली. मग बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. वर येऊन म्हणाला, "नवलच हाये. कचरा तर अजून ताजाच येऊन राह्यला."

हा क्षण होता. आत्ता गोकुळा बोलली असती तर काहीच बिघडलं नसतं. डोमा फार तर एक शिवी देऊन परत झोपला असता. पण ती वळून पिशव्या चाचपू लागली.

"काडी तर दोन वीत कोरडी हाये," डोमा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "डोये फसतीन माह्ये. काडी नाई फसवत. रोवली तवा गोटा बुडू-बुडूच होता, आता टाळू दिसंन. चाल वहिनी. उठ वो रीता."

असं म्हणून त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या काडीवर विश्वास ठेवला आणि डोंगा सोडला.

मध्यावर येताच गोकुळाला कळलं की हे शंभरदा पाहिलेलं पाणी नव्हे. डोंगा वल्ह्याला जुमानेना. डोमा पुढे वाकून, डोळे बारीक करून, म्हैसगोट्याची टाळू शोधत होता. काडी म्हणाली होती की ती दिसेल, म्हणून तो तिच्याच भरवशावर बाजू धरून चालला होता. टाळू दिसत नव्हती.

"आता दिसंन," तो म्हणाला. थोड्या वेळाने परत, "आता दिसाले पाहिजे." त्याच्या आवाजात गोकुळाने कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. तो घाबरला होता.

"भाऊजी, बाहेरून घ्या!" ती ओरडली. "गोटा बुडला हाये! बाहेरून घ्या!"

डोमाने मागे वळून पाहिलं, आणि तेवढ्यात डोंग्याच्या बुडाखाली काहीतरी खरडलं. डोंगा एका अंगावर उचलला गेला. रीता गुंडासकट पाण्यात पडली. तिचं ओरडणंही पुरतं ऐकू आलं नाही. गोकुळाच्या हातात तिच्या लुगड्याचा पदर आला, तो तिने दोन्ही हातांनी आवळून धरला, पदर टर्रकन फाटत चालला. डोमाने वल्हं टाकून पोटावर झेप घेतली आणि रीताचे केस मुठीत धरले. केसांना धरून, मग काखेला धरून, दोघांनी तिला ओढून आत घेतलं. एक फळी तडकली होती आणि पाणी आत येत होतं. चार पिशव्या वाहत गेल्या. गोकुळाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ओंजळीने पाणी उपसत होती आणि तोंडाने काहीतरी बडबडत होती, काय ते तिलाच कळत नव्हतं.

कोसंबटोल्याच्या घाटावर ते लागले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. अर्धं गाव काठावर उभं होतं. उरलेल्या पिशव्या आणि वाचलेला एक गुंड बायकांनी डोक्यावर घेऊन तलावाकडे धाव घेतली. तलावाच्या पाण्यात पिशव्या आधी थोड्या तरंगत ठेवल्या, मग हलक्या हाताने तोंडं सोडली. दोन पिशव्यांतली पिल्लं पांढरी पडून तरंगली. बाकीच्यांतली क्षणभर घोटाळली आणि मग एकदम, धूर विरावा तशी, खोल पाण्यात नाहीशी झाली. जगली होती. बायकांनी कल्ला केला. कुणीतरी पिंटूच्या मिशीसाठी वस्तरा आणायला पोरं पाठवली. पिंटू बिचारा हसत, ओठावर हात ठेवून, गर्दीतून मागे सरकत होता.

"आन् डोमाभाऊ, ऐन पुरात कसा काय निघाला गा?" कुणीतरी विचारलं.

डोमाचा खांदा सुजला होता, तो दुसऱ्या हाताने धरून तो तलावाच्या पाळीवर बसला होता. "माहं चुकलं," तो म्हणाला. "पाणी चढून राह्यलं होतं, मले उतरलं वाटलं. रीता मेली असती आज. डोये गेले माह्ये. डोंगा बंद आजपासून."

गोकुळा रिकाम्या पिशव्या गोळा करत राहिली.

तीन दिवस तिने काडीचं कुणाला सांगितलं नाही. घरोघरच्या बायका येऊन तिला कुंकू लावून गेल्या. तिच्या हिमतीची गोष्ट शेजारच्या गावांपर्यंत पोचली. पिंटूने खरंच मिशी काढली, आणि त्याचं ते उघडं तोंड पाहून लहान पोरं त्याला ओळखेनात, पण गोकुळाला हसू येईना. डोमाच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी ती विहिरीची लांबची वाट धरू लागली. डोमा ओट्यावर बसून असे, हात मांडीवर ठेवून. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात नदीला विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तो आता अंगणातून घरात जातानाही उंबरा चाचपून पाय टाकी. त्याच्या बायकोने सांगितलं की ते रात्री उठून स्वतःच्या डोळ्यांसमोर बोटं धरतात आणि मोजतात. गोकुळाने ऐकलं आणि तिला वाटलं, धरणी दुभंगावी.

चौथ्या दिवशी डोमाने डोंगा पिंटूला द्यायचं ठरवलं. पुरात गावाची वाट त्या एका डोंग्यावर असे, तो कुणीतरी चालवायलाच हवा होता. फळी बदलून झाली होती. घाटावर सोसायटीची माणसं जमली, गटातल्या बायकाही आल्या, रीताही आली. गोकुळा सगळ्यांत मागे उभी राहिली.

डोमाने वल्हं पिंटूच्या हातात दिलं. मग एक काडी सोलून त्याला दाखवली.

"हे पाह्य. काडी अशी रोवायची. पण एक ध्यानात ठेव पिंटू." तो थांबला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "माह्या बापानं सांगतलं होतं, काडी खोटं नाई बोलत. मी तसंच समजत होतो. पण बोलते ते खोटं. म्हून काडीवर पुरा भरवसा ठेवू नोको. कचरा पाह्य, पाण्याचा रंग पाह्य. काडीवर जाऊ नोको."

गोकुळाने ते ऐकलं. बापाने मुलाला दिलेलं, मुलाने आता पुढे द्यायचं, आणि ते तिने नासवलं होतं. आता पिंटू ते पुढच्याला सांगेल, तो त्याच्या पुढच्याला. तिचे पाय आपोआप पुढे निघाले. लोकांना बाजूला सारत ती थेट डोमासमोर आली.

"काडी खोटं नाई बोलली भाऊजी," ती म्हणाली. "खोटी मी आहो."

"काय म्हणतं वहिनी?"

"तुमी झोपले होते. काडी दीड वीत पाण्यात होती. मी उपटली. वर कोरड्यात नेऊन रोवली. मासोळ्या मरून राह्यल्या होत्या म्हून. तुमचे डोये चांगले हायेत. तुमी तर कचराही बरोबर ओळखला होता. मीच केलं."

गोकुळाला वाटलं, आता तो मारेल. तिला वाटत होतं, मारावं त्याने. रीताने आपल्या गळ्याशी हात नेला, दोन पावलं मागे झाली, आणि वळून घराकडे निघून गेली. तिच्यामागे गटातल्या आणखी दोघीतिघी गेल्या.

डोमाने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या काडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. डोळे गेले नाहीत. पाणी कळतं आहे. आणि त्या सुटकेच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि चेहरा बंद झाला. त्याने पिंटूच्या हातातून वल्हं परत घेतलं. डोंग्यात बसला, एकटाच, आणि नदीत निघून गेला.

त्यानंतर गोकुळाने गटाचं अध्यक्षपद सोडलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं आणि कुणी थांब म्हणालंही नाही. तलावातली मासळी वाढत होती. डोमाच्या जाळ्यातला पहिला मासा तिच्या घरी येतच राहिला, आता तो त्याची बायको आणून देई.

भादव्यात परत एक पूर आला. गोकुळाला माहेरी एका मयतीला जायचं होतं, आणि डोंगा तर तोच एक. ती खालमानेने घाटावर गेली. डोमाने नाही म्हटलं नाही. परत येताना, पाचसहा माणसं डोंग्यात असताना, त्याच वळणाच्या वर वारा सुटला आणि डोंगा त्याच मोहाच्या उंचवट्याला लागला. दसरूच्या खोपडीत सगळे दाटीवाटीने बसले. डोमाने एक काडी सोलली, सगळ्यांच्या देखत पाण्याच्या कडेला रोवली, हात कपाळाला लावला.

मग तो काठालगतच्या करंजीच्या झुडपांमागे गेला. माणसांना वाटलं, गेला असेल आडोशाला. गोकुळाने मात्र पाहिलं की जाताना त्याच्या कमरेला दुसरी एक सोललेली काडी खोचलेली होती, आणि परत आला तेव्हा नव्हती. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते.

तासाभराने कुणीतरी खालची काडी दाखवून म्हणालं, "उतरलं ना जी पाणी?" डोमाने त्या काडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो झुडपांमागे जाऊन आला आणि म्हणाला, "अजून नाई."

गोकुळाच्या जवळ पाण्याचा गुंड होता. ती उठली, त्याच्यासमोर आली आणि गुंड थोडा कलता केला. डोमाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केले. तिने पाणी ओतलं, त्याने चिखल धुतला. ती दुसरी काडी कुठे रोवली ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.